लहान हाताचा चिमटा

डेल्मर रूडचे हात एवढे मोठे होते की माझ्या दुकानातला सगळ्यात मोठा हातमोजासुद्धा त्याला मनगटाशी अडायचा. नॉर्डबी गावात रेल्वेच्या कडेला गव्हाचं उंच कोठार आहे, तिथं त्यानं उभी हयात काढली. रविवारी चर्चमध्ये तो भजनाचं पुस्तक धरायचा तेव्हा पुस्तक दिसायचंच नाही, हा नुसता तळहात वाचून गातोय असं वाटायचं. आणि त्याच हातांनी तो गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरायचा. मसुराच्या डाळीएवढी, आत ठिणगी पाडणारी टिकली त्या बोटांत कशी सापडायची, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काडतुसं घरी भरणारे आमच्याकडे घराआड एक आहेत. झाडलेलं पितळी नळकांडं कुणी फेकून देत नाही. घरी आणायचं, धुवायचं, बुडाची जळकी टिकली काढून नवी बसवायची, बंदुकीची दारू मापून घालायची, वर गोळी बसवायची. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे, रंग आणि कोंबड्यांच्या खाद्याशेजारी एक आख्खं कपाट याच सामानाचं आहे. पण एक नेम गावात सगळेच पाळतात. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. दारू दुप्पट पडली तर बंदूक तोंडावर फुटते, आणि किती पडली ते भरणाऱ्याशिवाय कुणाला माहीत नसतं.

या नेमाला गावात अपवाद एकच होता, तो म्हणजे डेल्मर. मी, वेंडेल टॉफ्ट, कुणाचा सहसा भरवसा धरत नाही, बायकोच्या गाडी चालवण्याचाही नाही, पण डेल्मरचं काडतूस मी डोळे मिटून घातलं असतं. त्याच्या घरात तर रीतच होती. पोराची पहिली शिकार डेल्मरनं भरलेल्या काडतुसानंच व्हायची. मुलगा कर्मिटची तशीच झाली, पुतण्यांची तशीच झाली. आता उरली होती एकुलती एक नात, काया. येत्या सप्टेंबरात तिला बारावं लागणार होतं आणि ऑक्टोबरात तिचा पहिला हरणांचा हंगाम होता. डेल्मर बोलायचा कमी, त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला खिळा उपटायचा. तरी या हंगामाबद्दल मात्र तो दोन वर्षं आधीपासून, न विचारता, बोलत होता.

आणि मग त्या हंगामाच्या आदल्या नोव्हेंबरात ते घडलं.

गावाबाहेर रेतीच्या खाणीत बाप-लेक नेम धरायला गेले होते. डेल्मरनं चाप ओढला. ठो व्हायच्या जागी नुसतं फुस्स झालं. काडतुसात टिकली होती, गोळी होती, दारूच नव्हती. टिकलीच्या जोरावर गोळी नळीत शिरली आणि मध्येच अडकली. असं झालं की बंदूक खाली ठेवायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डेल्मरनं शांतपणे दुसरं काडतूस आत सरकवलं. कर्मिटनं झडप घालून त्याचा हात धरला नसता, तर नळी फुटून दोघांपैकी एक जण तिथंच संपला असता.

"बाबा, काय करताय?" कर्मिट ओरडला.

"पुढची मारतोय," डेल्मर म्हणाला.

घरी येऊन त्यांनी त्या डब्यातली सगळी काडतुसं तोडून बघितली. तिनात दारू नव्हती, एकात दुप्पट होती. कर्मिटनं दारूचे डबे गाडीत घालून आपल्या घरी नेले आणि कुलपात ठेवले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आर्डिसनं, म्हणजे डेल्मरच्या बायकोनं, मला दुकानात उभ्या उभ्या सांगितलं. त्याचं डोकं हळूहळू जाणार होतं. किती हळू, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. डेल्मरला ते माहीत होतं. कायाच्या बंदुकीत आता दुकानातली काडतुसं जाणार, हेही त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आधीच्या शनिवारी, तो दुकानात आला. टोपी काढून गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाला, "टिकली बसवायचे चिमटे दाखव. हातातले."

हा चिमटा म्हणजे साधी गोष्ट. वर टिकल्यांची झाकणाची थाळी, खाली दाबायचा दांडा. नळकांडं वर अडकवायचं, मूठ आवळायची, टिकली बुडात जाऊन बसते. मोठ्या यंत्रावरही बसवता येते, पण हातानं बसवली की ती बसल्याचं बोटांना कळतं. मी तीन चिमटे त्याच्यासमोर मांडले. त्यानं खिशातून एक रिकामं नळकांडं काढलं, एकेका चिमट्यात अडकवून डोळे मिटून दाबायला लागला.

"हा कडक आहे. मनगट दुखेल." पहिला बाजूला सरकवला.

"हा सैल. टिकली टेकली कधी ते कळतच नाही. माणूस उगाच दाबत बसेल." दुसरा सरकवला.

तिसरा सगळ्यांत लहान होता, दांडा मुठीच्या अगदी जवळ. तो त्यानं दोन-तीनदा दाबला. मग दांड्याला फक्त बोटांची टोकं लावून दाबला. "याचा दांडा अजून जवळ घेता येतो का?"

"येतो, इथं स्क्रू आहे. पण लेका, तुझ्या पंजात हा म्हणजे अस्वलाच्या हातात चमचा."

"चमचा चांगला आहे ना? मग अस्वलाचं कशाला बघतोस?"

मी हसलो. मनात म्हटलं, बोटं आखडायला लागली असतील बिचाऱ्याची, म्हणून जवळचा दांडा हवाय. त्यानं तो लहान चिमटा घेतला, कागदात गुंडाळायला लावला आणि गेला.

सोमवारी सकाळी आर्डिस तोच पुडा घेऊन आली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. तिचा आवाज अजूनही शंभर पोरांना रांगेत उभं करील असा आहे, पण त्या दिवशी ती हळू बोलत होती.

"वेंडेल, हा परत घे. घरात असले तीन पडलेत. त्याला आठवतच नाहीये."

"असू दे की. टिकल्याच बसवील बसून. त्यात दारू थोडीच आहे?"

"आज टिकल्या बसवील, उद्या दारू शोधायला लागेल. काल अख्खं गॅरेज उचकलं त्यानं. मग कर्मिटकडे जाईल, कुलूप बघेल, भांडण होईल. मला भांडण नको रे. ड्रॉवरमधून मी काढून आणलाय. दिसला नाही तर विसरेल."

मी चिमटा परत कपाटात लावला. दुसरं काय करणार होतो? ती त्याच्याबरोबर चोवीस तास होती, मी शनिवारी अर्धा तास.

पण तो विसरला नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा शनिवारी आला. टोपी गल्ल्यावर ठेवली. "चिमटे दाखव. हातातले. तो ड्रॉवरमध्ये ठेवला होता, नाही तिथं."

मी तिन्ही मांडले. त्यानं डोळे मिटून तिन्ही दाबले. हा कडक, हा सैल, आणि मग तो लहान. दांडा जवळ घेता येतो का? येतो. मला राहवलं नाही, बघावं तरी म्हणून मी अस्वलाचं तेच बोललो, आणि त्यानं चमच्याचं तेच उत्तर दिलं. त्याच्या मागं कॉफीच्या टेबलावर बसलेल्या दोघा शेतकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. नसतं तेही माहीत असतं.

सोमवारी आर्डिस पुडा घेऊन आली.

मे, जून, जुलै, हेच चाललं. तो शनिवारी नेणार, ती सोमवारी आणणार. तोच चिमटा, त्याच्या कागदाच्या घड्यासुद्धा त्याच. मला वैताग यायचा. कधी डेल्मरचा, कधी आर्डिसचा, बहुतेक वेळा माझा स्वतःचा, की मी हसतो काय, दाखवतो काय, पुन्हा पुन्हा गुंडाळून देतो काय. एकदा मी आर्डिसला म्हटलंसुद्धा, "हे नाटक कुठवर करायचं?"

"तुला दुसरं सुचत असेल तर सांग," ती म्हणाली. "मला झोपेतसुद्धा काही सुचत नाही."

तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. डेल्मर रोज जेवायच्या आधी गॅरेजमध्ये जाऊन ड्रॉवर उघडतो, उघडा तसाच ठेवून येतो आणि ताटावर गप्प बसतो, असं तिनं सांगितलं. "डॉक्टर म्हणाले वाद घालू नका. त्यानं तुला विचारलं ना, की त्यानं चिमटा घेतला होता का, तर नाही म्हण. घेतलाच नव्हता म्हटलं की शोधायचा थांबेल."

ऑगस्टमध्ये कापणी जोरात असताना तो आला. रस्त्यावर गव्हाचे ट्रक एकामागून एक जात होते. बाकी कुणाला दुकानात यायला सवड नव्हती, आम्ही दोघंच होतो. त्यानं टोपी काढली नाही. चिमटेही मागितले नाहीत. कपाटासमोर उभा राहिला. काचेच्या आत तो लहान चिमटा होताच.

"वेंडेल," तो म्हणाला, "तू आणि मी शाळेपासूनचे. खरं सांग. हा मी तुझ्याकडून घेतला होता का?"

मी म्हणालो, "नाही, डेल्मर."

"एकदाही नाही?"

"नाही."

मला वाटलं होतं, त्याला सुटल्यासारखं होईल. त्याचा चेहरा मात्र कोसळला. कोठारावर एकदा एक पोर गव्हात गाडलं गेलं होतं. त्याला बाहेर काढायला डेल्मर उशिरा पोचला, तेव्हा त्याचा चेहरा असा झालेला मी पाहिला होता. "बरं," तो म्हणाला. "म्हणजे डॉक्टर म्हणतात ते खरंय." आणि बाहेर पडला. मी त्याला अस्वलाचं काही बोललो नाही. त्यानंतर तो दुकानात आला नाही.

आर्डिसनं मला नंतर सांगितलं की गॅरेजमध्ये जाणं त्यानं बंद केलं. सगळंच बंद केलं. गाणं बंद, कॉफी बंद, सांगितलं तर जेवायचा. जणू त्यानं स्वतःहूनच हात टेकले. सप्टेंबरात तो रेल्वेच्या रुळांवरून चालताना सापडला, अंगात नुसता सदरा. मग कर्मिटनं आणि आर्डिसनं त्याला शेजारच्या गावी म्हाताऱ्यांची सोय असते त्या घरात ठेवलं. जाताना तो भांडला नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं, असं आर्डिस म्हणाली.

ऑक्टोबरात, हंगाम उघडायच्या आदल्या आठवड्यात, कर्मिट कायाला घेऊन काडतुसं घ्यायला आला. तयार काडतुसांचा डबा मी गल्ल्यावर ठेवला. कर्मिट त्याच्याकडे न बघता पैसे मोजत राहिला, मग गाडीत दोर टाकायला बाहेर गेला. काया कपाटासमोर उभी होती. वयाच्या मानानं बारीक पोर, केसांच्या दोन वेण्या.

"मिस्टर टॉफ्ट, टिकल्या बसवायचा चिमटा तो हाच का?"

"हो. का गं?"

"बेस्तेफार मला असला देणार होते." नॉर्वेहून आलेल्या घरांतून आजोबांना अजून बेस्तेफार म्हणतात. "वाढदिवसाला. त्यांनी मला ईस्टरला सांगितलं होतं. म्हणाले, काडतुसं आता मला भरता येणार नाहीत, पण तुला शिकवता येईल. आधी टिकली. टिकलीचं वर्षभर, मग दारू, ती बाबांकडून शिक. म्हणाले, तुझ्या हाताच्या मापाचा शोधून ठेवलाय, गॅरेजमधल्या बाकाच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये. आजीला सांगू नकोस, ती घाबरेल."

"तिसऱ्या ड्रॉवरमध्ये?" मी विचारलं.

"मी बघायला गेले तर ड्रॉवर रिकामा," काया म्हणाली. "मी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, थांब, मीच कुठं तरी ठेवला असेल, पुन्हा आणतो. मग पुन्हा म्हणाले आणलाय, पुन्हा नव्हता. दर वेळी असंच. शेवटी मी विचारायचं सोडलं, त्यांना वाईट वाटायचं ना. ते कधी इथं आलेच नसतील, हो ना?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला मला लाज नाही. मला दुकानाची काच फोडावीशी वाटली. त्या माणसाचं डोकं जात होतं हे खरं. खाणीतलं खोटं नव्हतं, दुप्पट दारूचं खोटं नव्हतं. पण ही एक गोष्ट त्याला चांगली आठवत होती. ड्रॉवरमध्ये ठेवलेला चिमटा ड्रॉवरमध्ये नव्हता, कारण तो आम्ही काढून नेत होतो. बोटं त्याची आखडली नव्हती. ज्या हातासाठी तो दांडा जवळ घेत होता, तो हात माझ्यासमोर काचेवर टेकलेला होता.

"आले होते," मी म्हणालो. "नक्की आले होते."

"मग गेला कुठं?"

"माझ्याकडेच राहिला."

पुढचं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आर्डिसला तर अजून सांगितलेलं नाही. तिला सांगून काय मिळणार? ती जे करत होती ते त्याच्याच जिवाच्या काळजीनं करत होती. आता ती रात्री निदान झोपते, तेवढं तरी तिचं राहू दे.

रविवारी चर्चनंतर मी कर्मिटला विचारून कायाला गाडीत घातलं आणि आम्ही डेल्मरला भेटायला गेलो. चिमटा माझ्या खिशात होता, टिकल्यांशिवाय, बरोबर एक रिकामं नळकांडं. वाटेत काया म्हणाली, "ते मला ओळखतील ना?" मी म्हटलं, "बघू या." बाहेर कापलेल्या शेतांवरून वारा सुटला होता आणि मला रेडिओ लावायचंही सुचत नव्हतं.

तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दाढी दुसऱ्या कुणी तरी केलेली, हनुवटीखाली खुंट राहिलेले. मला बघून त्याचे डोळे हलले.

"वेंडेल," तो म्हणाला. "दुकान कुणावर टाकून आलास?"

मला फार आनंद झाला. मी चिमटा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं नळकांडं अडकवलं, डोळे मिटले, दाबलं. थोडं थांबून पुन्हा दाबलं. मग दांड्याला फक्त बोटांची टोकं लावली.

"हा लहान हातासाठी बरा आहे," तो म्हणाला.

काया पुढं झाली. "बेस्तेफार, माझ्या हातात बसतो का बघा ना."

त्यानं चिमटा तिच्या तळहातावर ठेवला. तिची बोटं एकेक करून दांड्यावर वळवली, अंगठा वर घेतला. त्या पंजाखाली तिचा हात दिसेनासा झाला. "हळू," तो म्हणाला. "आधी आत शिरल्याचं कळेल. मग टेकल्याचं कळेल. टेकली की थांबायचं, ढकलायचं नाही." तिनं दाबलं. "आता पुन्हा. डोळे मिटून." तिनं पुन्हा दाबलं. तो तिच्या बोटांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"बरोबर बसला," तो म्हणाला. "तुझा हात अगदी तिच्याएवढाच आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या नातीच्या." त्यानं तिची बोटं हलकेच सोडवली आणि चिमटा काढून घेतला. "पण हा तुला नाही देता येणार, पोरी. तिला कबूल केलाय. वाईट वाटून घेऊ नकोस, वेंडेलकडे आणखी असतील."

काया हात तसाच पुढं धरून उभी राहिली. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मी काही तरी करीन म्हणून.

डेल्मरनं चिमटा माझ्यापुढं केला. "हा बाजूला काढून ठेव. मी शनिवारी येऊन नेतो. घेतला घेतला असं मला वाटत होतं, पण मागं तूच सांगितलंस, घेतलेला नाही म्हणून. तेवढं माझ्या लक्षात आहे."

"ठेवतो, डेल्मर," मी म्हणालो, आणि चिमटा पुन्हा खिशात टाकला.